धोंड्याच्या वाणात गोल्फ

आर्णी,
अधिक महिन्यातला शनिवार, भर दुपार

चि. रामराव यास,

घनश्यामचा आशीर्वाद. आशीर्वाद लिहून राह्यलो, कारण तू माह्या बायकोचा लहान भाऊ आहेस अन् कागदाच्या पहिल्या ओळीत दुसरं काही लिहाची आपल्यात रीत नाई. नाईतं माह्या मनात आज तुह्याबद्दल जे आहे ते लिहिलं असतं तं पोस्टमननं हे पाकीट हातात धरलं नसतं. इकडे सारे खुशाल आहेत, असं रीतीप्रमाणं समजून घे. तुहा गुडघा कसा आहे, पुष्पानं शुगर तपासली का, वणीत ऊन कसं आहे अन् त्या उन्हात कोळशाचे ट्रक तुह्या दारावरून अजूनही धूळ उडवत जातात का, हे सारं मी इचारलं असं धर. उत्तर नाई कळवलं तरी चालते.

आता तू म्हणशीन, मोबाइलच्या जमान्यात भाऊजीनं पत्र कायले लिहिलं. का लिहिलं ते तुले चांगलं माहीत आहे. मंगळवारपासून तू माहा फोन उचलून नाई राह्यला. बुधवारी तुहा व्हॉट्सॲपवरचा फोटो गेला, तो पिवळ्या टोपीतला, खाणीच्या गेटसमोरचा. त्या जागी आता नुसतं करड्या रंगाचं डोक्सं दिसते. तुही बहीण म्हणे, नेटवर्क नसन. मी शेतकरी आहो, बावळट नाई. ब्लॉक करणं म्हणजे काय ते मलेही समजते. पण पत्राले ब्लॉक नसते रामराव. पोस्टमन ते दाराच्या फटीतून आत टाकतेच, अन् तू नाई वाचलं तं पुष्पा वाचन अन् तुले जेवताना वाचून दाखवन.

मुद्द्यावर येतो. नयन जावई तू आणला. माह्या ओसरीत बसून, माह्या घरचा चहा पिऊन तूच म्हटलंतं की भाऊजी, पोरगा निर्व्यसनी आहे, पगारदार आहे अन् स्वभावानं खेळकर आहे. निर्व्यसनी आहे, मान्य. पगारदार आहे, तेही मान्य. तिसऱ्या शब्दानं माह्या घराचं काय केलं, ते ऐकवाले हे पत्र आहे.

दिपाली लग्नानंतर आर्णीत किती राह्यली ते तुले सांगाले नको. दिवाळीले आली तं ओवाळणं आटपून गेली. संक्रांतीले आली तं तिनं पिशवीची चेनही उघडली नाई, तिळगूळ हातात घेऊनच पुण्याची गाडी पकडली. माही एकच पोरगी. घरात ती असली की तुही बहीण माह्याशी भांडत नाई, मी चिडलो तं कोणीतरी हासते, अन् जेवताना तीन ताटं होतात. ती गेल्यापासून आमी दोघं जेवताना टीव्ही लावतो, एकमेकांचं चावणं ऐकू येऊ नये म्हून. यंदा धोंड्याचा महिना आला अन् तिनं कळवलं की बाबा, मी मोठी सुट्टी टाकली. मोठी. तुह्या बहिणीनं तो शब्द अख्ख्या गल्लीत वाटला. मी तिच्या खोलीले चुना मारला, खिडकीले नवा कुलर बसवला, वावराशेजारच्या देवीलालकडून गावरान आंबे आणून अढी लावली. (आंबे तुह्यासाठी नाई ठेवले. मांगच्या वर्षीचा डबा आधी परत कर.) पोरगी महिनाभर घरी राहीन, एवढंच मले यंदाच्या साली पाह्यजे होतं. दुसरं काई नाई.

आता धोंड्यात जावयाले काय पाह्यजे ते इचाराची रीत. इचारलं की जावयानं काही नको म्हणाची रीत. मंग सासूनं असं कसं म्हणाची, अन् मंग जावयानं लाजत लाजत एक नाव घ्याची. तसा तुह्या बहिणीनं फोन लावला. ती हॉलमधल्या जुन्या कुलरसमोर बसलती. तो कुलर तुले माहीत आहे. सुरू केला की घरात ट्रॅक्टर शिरल्यासारखा आवाज, अन् बंद केला तं माणूस बसल्या जागी भाजून निघते. नयननं रीतीप्रमाणं दोनदा काही नको म्हटलं. मांगून दिपालीची कुजबूज ऐकू आली. मंग तो म्हणे, गोल्फ.

तुह्या बहिणीनं ऐकलं, गोफ.

मी तिले दोष नाई देत. (तिच्या समोर लिहून राह्यलो, म्हून नाई देत.) तूच सांग, धोंड्याच्या महिन्यात, सासूनं एवढ्या मायेनं इचारल्यावर, जावई गोफ नाई मागन तं काय मागन? आपल्याकडं गळ्यात सोन्याचा गोफ नसलेला जावई कोणी पाह्यला आहे का? तिनं म्हटलं, देऊ ना बाप्पा, कसा पाह्यजे ते सांगा. तो म्हणे, एकाच जागचा नको, देशातल्या वेगवेगळ्या भागांतला पाहिजे. थोडा काश्मीरकडचा, थोडा राजस्थानातला, थोडा दक्षिणेतला, थोडा पूर्वेकडचा. प्रत्येक भागाची मजा वेगळी असते म्हणे. तुही बहीण हरखून गेली. फोन ठेवल्यावर मले म्हणे, पाह्यलं, आपल्या जावयाले सोन्याची केवढी पारख आहे.

मंग आमी वामनराव सोनाराकडं गेलो. वामनरावनं चष्मा कपाळावर चढवला अन् माह्याकडं असं पाह्यलं की जसा मी त्याच्याकडं म्हैस गहाण ठेवाले आलो. म्हणे, घनश्यामभाऊ, गोफ हा गोफ असते, त्यात मी काश्मीर कुठून घालू? पण जावयाचा शब्द पडलेला, अन् धोंड्यात जावयाचा शब्द खाली पडू द्याचा नसते. तुह्या आईनं तुह्या बहिणीले दिलेली पाटली मोडली. (तिनंच मोडाले काढली, तिनंच मोडली, अन् घरी येऊन तीच रडली. मी नुसता स्कूटरवर होतो.) वामनरावनं मोबाइलवर फोटो पाहून पाहून तो गोफ घडवला. राजस्थानच्या भागात लाल हिरवी मीनाकारी. दक्षिणेच्या भागात बारकं देऊळ. काश्मीरचं म्हून झाडाचं एक पान, पण वामनराव आर्णीच्या बाहेर कधी गेला नाई, म्हून ते पान पळसाचं झालं. अन् पूर्वेकडं लोकं मासे खातात, म्हून पूर्वेले एक मासा. तोही चांगला डोळे असलेला. मी त्या माशाकडं पाहून म्हटलं, वामनराव, हे जावई घालन का? तो म्हणे, मागणारानं मागतलं, घडवणारानं घडवलं, आता घालणाराचं घालणारानं पाहावं.

धोंडे जेवणाच्या दिवशी दोघं भाड्याच्या गाडीनं आले. गाडीतून आधी एक थैली निघाली, माणसाच्या छातीले लागन एवढी उंच, वरून झाकण. समोरची रुपीबाई दारात उभी होती, तिनं इचारलं, जावई भजनी मंडळात आहे का, तंबोरा आणला वाटते. मी अभिमानानं म्हटलं, असन. पुरणाचे धोंडे झाले, तेहतीस अनारशांचं ताट झालं, वर दिवा ठेवला, दोघांले पाटावर बसवून लक्ष्मीनारायण म्हून पाय धुतले. (वाकताना माही कंबर धरली, ती अजून धरलेलीच आहे.) अन् मंग मी माह्या हातानं जावयाच्या गळ्यात तो गोफ घातला.

नयननं खाली पाह्यलं. त्याच्या छातीवर मासा होता. दिपालीनं आधी मासा पाह्यला, मंग पळसाचं पान पाह्यलं, मंग ओढणी तोंडात कोंबून ती स्वयंपाकघरात पळाली अन् तिथून असा आवाज आला की तुही बहीण पाणी घेऊन धावली. पोट्टा मात्र सभ्य. म्हणे, बाबा, खूपच सुंदर आहे, पण मी गोल्फ म्हणालो होतो. मी म्हटलं, मंग हे काय आहे? तो उठला, अनारशाच्या ताटापासून जरा दूर झाला अन् दोन्ही हातानं हवेत काठी फिरवून दाखवली. गल्लीतले जेवाले बसलेले चार पाव्हणे घास हातात धरून त्याच्याकडं पाहत राह्यले. मले तेव्हा पहिल्यांदा समजलं की त्या थैलीत तंबोरा नाई.

जेवण झाल्यावर त्यानं मोबाइलवर देशाचा नकाशा काढला. पहिले काश्मीर, मंग जयपूर, मंग शिलाँग अन् शेवटी उटी. दर ठिकाणी गोल्फचं मैदान; वाण म्हून त्याले ही सहल पाह्यजे होती. प्रत्येक भागातलं गवत वेगळं, वारं वेगळं, मातीचा उतार वेगळा, म्हून खेळही वेगळा, असं तो मले समजावून राह्यलता. मी त्याचं ऐकतच नोतो. मी फक्त बोटावर मोजून राह्यलतो की एवढं सारं फिराले सुट्टी किती लागन. अन् मोजता मोजता माह्या ध्यानात आलं की दिपालीची ती मोठी सुट्टी म्हणजे हेच. चुना मारलेल्या खोलीत ती दोन रात्री झोपणार होती, अन् बाकीचा महिना एक पांढरी गोटी भोकात घालाले अख्ख्या देशात हिंडणार होती.

मले जो राग आला तो कोणावर काढू? धोंड्यात जावयाले नाई म्हणता येत नाई, हे तुले माहीत आहे. म्हून मी दुसरा रस्ता धरला. त्या नकाशात मी स्वतः हात घातला. म्हटलं, योजनाच एवढी बिघडवू की जावई आपणहून नको म्हणन. म्हटलं, जावईबापू, काश्मीरले चालले तं वैष्णोदेवी सोडून कसं चालन? तो म्हणे, चालेल बाबा, घेऊ. मी म्हटलं, जयपूरपासून पुष्कर जवळच आहे. म्हणे, हो, घेऊ. शिलाँगले जाता जाता कामाख्या, उटीहून येता येता तिरुपती, अन् रस्त्यात लागत नसलं तरी रामेश्वर. साऱ्याले चालेल. मी म्हटलं, जेठात जयपूरच्या उन्हात खेळण्यापेक्षा आर्णीत खेळा, इथलं ऊन काही कमी दर्जाचं आहे का? तो हासला. मी म्हटलं, शिलाँगले त्या दिवसात धो धो पाऊस असते. म्हणे, छत्री घेऊ. रामराव, ज्या माणसाशी भांडताच येत नाई असा जावई आणाले तुले कोणी सांगतलंतं? आपल्या घराण्यात कोणी असा नाई. माह्या सासऱ्याशी, म्हणजे तुह्या बापाशी, मी पहिल्याच धोंड्यात भांडलो अन् म्हून आमचं शेवटपर्यंत चांगलं जमलं.

शेवटी मी म्हटलं, आधी मले दाखवा तं खरं, हा खेळ आहे काय. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत आमी वावरात गेलो. वावर वखरून पडलं आहे, पेरणीले तयार. देवीलाल, बंजारा तांड्यावरचा, त्याचं वावर माह्या धुऱ्याले लागून आहे, तोही निंबाखाली बसला होता, पाण्याचा माठ फांदीले टांगून. नयन गळ्यात गोफ घालूनच आलता. (तुह्या बहिणीनं धोंड्याचं वाण दुसऱ्या दिवशी काढू नये असा नियम त्याच सकाळी काढला.) त्यानं मातीत एक बारकी खुंटी रोवली, तिच्यावर गोटी ठेवली, पाय फाकवले अन् काठी फिरवली. एक मोठं ढेकूळ उडून माह्या धोतरावर आलं. गोटी जागच्या जागी. दुसऱ्यांदा फिरवली तं गोफ उसळला अन् माशाची शेपटी त्याच्या दाताले लागली. गोटी जागच्या जागी. तिसऱ्यांदा गोटी उडाली खरी, पण समोर नाई, बाजूले, अन् देवीलालचा माठ फुटला.

देवीलालनं आपल्या ओल्या धोतराकडं पाह्यलं अन् मंग माह्याकडं. माही मान खाली. मले वाटलं, या खेळासाठी माही पोरगी घर सोडून चालली, अन् हा त्यात पासही नाई. मी आता तोंड उघडणारच होतो, तेवढ्यात दिपाली म्हणे, द्या इकडे. तिनं ओढणी कमरेले खोचली, चपला काढल्या, एकदा वाऱ्याकडं पाह्यलं अन् काठी फिरवली.

मी तिचा बाप आहो, म्हून वाढवून नाई सांगत. आवाज असा आला की जसं कोणी कोरडं लाकूड एका घावात फोडलं. गोटी माह्या वावरावरून गेली, देवीलालच्या वावरावरून गेली, नाल्यापलीकडं गेली, अन् तांड्याच्या बाजूले कुठं तरी पडली ते आमाले दिसलंही नाई. देवीलाल उभा राह्यला. माठाचं तो विसरला. म्हणे, "छोरी छ की तोफ छ?" त्याच्या गोरबोलीत छोरी म्हणजे पोरगी, तेवढं तुलेही समजन. मी म्हटलं, अजून एक मार. तिनं मारली. मी म्हटलं, अजून. आमी तिच्या साऱ्या गोट्या नाल्यापलीकडं घालवल्या, तेव्हा कुठं मी थांबलो.

मंग नयन माह्याजवळ आला. म्हणे, बाबा, मला हा खेळ येत नाही. दिपालीच खेळते. तिच्या ऑफिसच्या स्पर्धेत ती पहिली येते. मी फक्त तिची बॅग उचलतो आणि बॉल शोधतो. मी म्हटलं, मंग तुमी वाणात गोल्फ कायले मागतला? तो दिपालीकडं पाहे, दिपाली जमिनीकडं पाहे. शेवटी तीच बोलली. म्हणे, बाबा, धोंड्यात जावयाले कोणी नाई म्हणत नाई. मी मागतलं असतं तं तुमी म्हटलं असतं, पुढच्या वर्षी पाहू.

(म्हटलं असतं. पण ती गोष्ट वेगळी.)

रामराव, मले राग कायचा आला ते आता नीट ऐक. गोल्फचा नाई. गोफाचाही नाई, पाटली गेली तं गेली. माठाचाही नाई, तो मी नवा आणून देल्ला. मले राग याचा आला की माही पोरगी, जिनं लहानपणी माह्या खांद्यावर बसून कुल्फी मागतली, सायकल मागतली, पुण्याची नोकरी मागतली, तिले आता बापाजवळ काही मागाचं असलं तं ती दुसऱ्याच्या पोराच्या तोंडानं मागते. ज्याचे मी पाय धुतो त्याच्या मांग उभी राहून कुजबुजते. मी काय सरकारी कचेरी आहो, की अर्ज वशिल्यानं द्याचा? मी तिले वावरातच नको नको ते बोललो. तिनं नुसत्या चपला घातल्या. दुसऱ्या दिवशी ते सामान बांधाले पुण्याले निघाले तेव्हा मी कंबर दुखते म्हून आतच पडून राह्यलो. गाडीचा आवाज ऐकला. थैली चढवल्याचाही ऐकला. नयन गोफ घालूनच गेला, ऑफिसात घालीन म्हणे. घाल बाप्पा.

म्हून हे पत्र. लग्न तू जमवलं, मध्यस्थ म्हून फेटा तू बांधून घेतला, आता मध्यस्थी कर. नयनले फोन लाव (त्याचा तू उचलतो, मले माहीत आहे) अन् मामा या नात्यानं सांग की हे चार दिशांचं हिंडणं बंद करा, पोरीची राह्यलेली सुट्टी आर्णीले द्या. आंबे पिकून राह्यले. खोली नुसती पडली आहे. कडक शब्दात सांग. तुले कडक बोलता येत नसन तं पुष्पाले सांगाले लाव.

पुष्पाले नमस्कार. घरातल्या लहानमोठ्यांले ज्याचं त्याले.

तुहा, अजून तरी, भाऊजी
घनश्याम

ता. क. पत्र लिहून होईस्तोवर पोस्ट बंद झालं, म्हून हे सोमवारपर्यंत इथंच राह्यलं, अन् ते बरंच झालं. नयनले फोन करू नको. त्याचाच काल फोन आला. त्याच्या कंपनीनं त्याची सुट्टी रद्द केली, काहीतरी मोठं काम निघालं म्हणे. बिचारा मलेच माफी मागे. दिपाली म्हणते, एकटीनं कायले जाऊ, मी आर्णीलेच येतो. म्हणजे माह्या मनासारखं झालं. मी लगेच अढी उघडली, चांगले आंबे बाजूले काढले. संध्याकाळी तुही बहीण तिच्याशी फोनवर बोलली. पोरगी नुसतं हो अन् नाई म्हणे. काय खाशीन तं काहीही. कोणत्या गाडीनं येशीन तं कोणत्याही. असं येणं मी मागतलं नोतं. रात्री आंबा खाल्ला तं चव लागली नाई. त्या पोट्ट्यावर आता माहा राग नाई, त्याले त्रास देऊ नको. तुह्यावर आहे.

ता. क. दुसरा. खरं काम राह्यलंच. तुही रजा शिल्लक आहे हे मले पुष्पाकडून समजलं आहे, तवा गुडघ्याचं निमित्त सांगू नको. मृगाच्या सुमाराले तू आर्णीले ये अन् माही पेरणी करून दे. कपाशीचं अन् तुरीचं बियाणं घरात आहे, ट्रॅक्टरवाला सांगून ठेवला आहे, देवीलाल लक्ष ठेवन. तुले फक्त धुऱ्यावर उभं राहून ओरडाचं आहे, अन् ते तुले खाणीत सवयीचं आहे. पाऊस लांबला तं थांब, घाई करून बियाणं मातीत घालू नको. येताना तुहा तो कॉलरवाला टी-शर्ट अन् खाणीतले नाई, ते दुसरे, पांढरे बूट आण. आपला पाय एकाच मापाचा आहे. तिथल्या मैदानात धोतर अन् चपला चालत नाई म्हणे. कोणत्या मैदानात ते इचारू नको. गल्लीत कोणी इचारलं तं सांग, घनश्यामभाऊ तीर्थाले गेले.

ता. क. तिसरा. तू इचारल्याशिवाय राहणार नाईस, म्हून सांगून टाकतो. आज सकाळी दिपालीचा फोन आला. तिच्या आईच्या फोनवर नाई, माह्या. लग्नानंतर पहिल्यांदा. मी सवयीनं म्हटलं, थांब, आईले देतो. ती म्हणे, नको, तुमच्याशीच बोलाचं आहे. म्हणे, बाबा, मले एक मागाचं आहे. नयनसाठी नाई, कोणासाठी नाई, मले पाह्यजे. मी म्हटलं, माग. म्हणे, तुमी माह्यासंगं चाला. मले असा राग आला रामराव, की काई इचारू नको. तुही बहीण सांगते, मी फोन कानाले लावून डोळे पुसत होतो, अन् मंग पोरीवर खेकसलो की ती थैली भरल्यावर किती जड होते ते आधी सांग.